बर्डीवरचं बिननावाचं झेरॉक्सचं दुकान आणि आमची व्हिसाची फाइल

नागपुरात कुणाला नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्यावर अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची फाइल तयार करायची असेल, तर मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीन ह्या गल्लीच्या बाजूच्या एका छोट्या दुकानात पाठवीन. पाटीवर दुकानाचं नाव नाही. 'झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो' एवढंच लिहिलंय. आत दोन मशिनी, एक कॉम्प्युटर, मागे पांढरा पडदा लावलेला फोटोचा कोपरा आणि काउंटरवर काका. कॉम्प्युटरवर त्यांची मुलगी बसते. व्हिसाच्या कामाची कुठलीच जाहिरात तिथे नाही, आणि कायद्याचा सल्ला विचारला तर काका सरळ सांगतात, "ते वकिलाले विचारा ताई, मी कागद पाहतो." मला तेच आवडलं. कागद ते खरंच पाहतात.

आमचं प्रकरण आधी सांगते, म्हणजे दुकानाचं काम कशासाठी मोलाचं ठरलं ते कळेल. मी नागपूरची, महाल भागातल्या शाळेत गणित शिकवते. नवराही नागपूरचाच, पण आता अमेरिकेचा नागरिक, न्यू जर्सीत राहतो. लग्न नागपुरात झालं. त्यानं तिकडे आय-१३०, म्हणजे नात्याचा अर्ज भरला, तो मंजूर झाल्यावर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद घेणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाकडे गेली. तिथे ३२५ डॉलर व्हिसाच्या अर्जाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीच्या कागदांचे भरले, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरला, कागद स्कॅन करून चढवले. मग मुलाखतीची तारीख आली. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या वकिलातीत होतात, त्यामुळे नागपूरकरांना मुंबई गाठावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. जे जोडपं अमेरिकेतच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करतं, त्यांना तिथल्या अधिकाऱ्यापुढे दोघांना सोबत बोलावतात. दोघं शेजारी बसतात, शपथ घेतात, एक अडखळला तर दुसरा असतो. आमच्यासारख्यांचं तसं नाही. मुंबईत अर्जदार मी. नवऱ्याच्या हजेरीची सक्ती नाही. तो मुद्दाम सुट्टी काढून आला होता, पण खिडकीपुढे मी एकटीच उभी राहणार होते. त्याच्या वतीनं बोलणार ते कागद. म्हणून फाइल कुणाच्या हातून तयार होते, ह्याला इतकं महत्त्व.

त्या दुकानात मी आधी गेले ती फक्त फोटोंसाठी. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौकोन लागतो. मागची भिंत पांढरी, चष्मा नाही, फोटो सहा महिन्यांच्या आतला आणि हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतचं माप २५ ते ३५ मिलिमीटरच्या मध्ये. आपल्याकडच्या स्टुडिओत न विचारता चेहरा उजळ करतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतात, गालावरचा तीळसुद्धा काढून टाकतात. ह्या व्हिसाच्या फोटोवर असली रंगसफेदी चालत नाही. काकांच्या मुलीनं फोटो काढला, पट्टीनं डोक्याचं माप घेतलं, आणि माझ्या डाव्या गालावरचा जुना व्रण तसाच ठेवला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, तुम्ही समोर उभ्या राहाल तेव्हा हा दिसणारच आहे, मग फोटोतून कायले काढायचा?" चष्म्याचं तिला माहीत होतं. २०१६च्या नोव्हेंबरपासून तो चालत नाही.

फोटो घेताना माझ्या हातात लग्नाच्या अल्बममधून काढलेल्या फोटोंचा गठ्ठा होता. त्यांच्या कलर झेरॉक्स हव्या होत्या. काकांनी एकेक फोटो काउंटरवर पसरला. बघितलं, आणि म्हणाले, "हे सगळे पाव्हणे आहेत. यात तुम्ही दोघं कुठं दिसून राहिले?"

खरंच होतं. आपल्याकडच्या लग्नाचे फोटो म्हणजे स्टेजवर रांग, मध्ये आम्ही दोघं हार घालून आणि आजूबाजूला मामा, मावश्या, आत्याची सून, बाबांच्या ऑफिसातली माणसं. लग्न झालं हे त्यातून कळतं. पण लग्नाचा दाखला जोडलाच असतो, तेच पुन्हा फोटोंनी सांगून काय होणार? अधिकाऱ्याला पाहायचं असतं ते लग्नानंतरचं, आधीचं, रोजचं. हे दोघं खरंच एकमेकांचे आहेत का, एवढंच.

काकांनी सांगितलं, मोबाइल उघडा. मग आम्ही नवऱ्याच्या प्रत्येक भेटीचे फोटो काढत बसलो. पाहण्याच्या कार्यक्रमाचा एक फोटो माझ्या धाकट्या भावानं चोरून काढला होता, त्यात मी चहाचा ट्रे धरून उभी आहे आणि नवऱ्याची नजर भलतीकडेच. तो पहिला. मग साखरपुडा. लग्नाचे मोजकेच, त्यात दोघांचे आई-वडील नीट दिसतील असे. लग्नानंतर टेकडी गणपतीला गेलो तो. रामटेकच्या गडावरचा, माझ्या केसांचा वाऱ्यानं पार अवतार झालेला. डिसेंबरात सकाळी स्वेटर घालून तर्री पोहे खातानाचा. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दोघं बाकावर डुलक्या घेतोय तो. हा शेवटचा मी ठेवायला तयार नव्हते. काका म्हणाले, "हाच ठेवा. असा फोटो कोणी ठरवून काढत नाही."

ह्यावरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ह्याआधी आम्ही शहरातल्या एका एजंटाकडे चौकशी केली होती. त्यानं 'पूर्ण पॅकेज' सांगितलं आणि त्यात एक स्टुडिओही होता. दोघांनी चार-पाच जोडी कपडे घेऊन जायचे, एका दुपारी सगळे फोटो काढायचे, आणि फाइलमध्ये त्यांना वेगवेगळ्या तारखा द्यायच्या. आम्ही दोघं तिथून उठलो. आमचं नातं खरं होतं, त्याला खोटा पुरावा कशाला जोडायचा? आणि व्हिसासाठी जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. त्यातून सवलत मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. खऱ्या लग्नाच्या माणसांना असा सल्ला पैसे घेऊन दिला जातो ह्याचा मला आजही संताप येतो. त्या एजंटापुढे बसलेली आणखी दोन जोडपी मी पाहिली होती. दोघांच्याही चेहऱ्यावर भीतीच होती.

तर परत दुकानाकडे. फोटोंच्या मागे काय लिहायचं तेही इथेच ठरलं. तारीख, ठिकाण, आणि फोटोतली माणसं कोण. 'सासूबाई' लिहून उपयोग नाही, 'नवऱ्याची आई' असं इंग्रजीत आणि सोबत नाव. मग प्रत्येक भेटीच्या फोटोंच्या आधी त्या भेटीचा बोर्डिंग पास आणि नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत. म्हणजे फोटो डिसेंबरातला असेल तर त्याच्या आधीच्याच पानावर डिसेंबरातला नागपूरला उतरल्याचा पुरावा. ही मांडणी मला कुठल्याही यादीत वाचायला मिळाली नव्हती. काका पूर्वी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. तिथे वर्षानुवर्षं कागद लावले, त्यातून आलेली ही समज.

चॅटच्या प्रिंट्सबाबतही त्यांनी हात आवरायला लावला. मला वाटत होतं, जितकी पानं जास्त तितकं बरं. त्यांनी महिन्यातलं एकच पान घ्यायला सांगितलं, तेही साध्या बोलण्याचं. भाजी काय केली, बाबांचा बीपी किती, तिकडे बर्फ पडला का. आणि व्हिडिओ कॉलची नोंद दिसेल असं एखादं. प्रिंटचा धंदा करणारा माणूस कमी प्रिंट काढा म्हणतो, ह्याचं मला फार वाटलं.

लॅमिनेशनचंही तसंच. पाटीवर लॅमिनेशन लिहिलंय, मशीन काउंटरवरच आहे. माझ्या आईनं बजावून पाठवलं होतं की लग्नाचा दाखला आणि जन्माचा दाखला लॅमिनेट करून आण, प्रवासात खराब होतील. काकांनी नाही म्हटलं. प्लास्टिकखाली शिक्का हाताला लागत नाही, मागच्या बाजूवर पुढे कुणाला काही लिहायचं, शिक्का मारायचा तर जागा राहत नाही. त्यांनी साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांची फाइल दिली, ज्यातून कागद एका झटक्यात बाहेर येतो. खिडकीपुढे ह्याचा किती उपयोग झाला ते पुढे सांगते.

स्कॅनिंग उत्तम. मागच्या बाजूला शिक्का, सही किंवा काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करून चढवावी लागते. बऱ्याच ठिकाणी पुढची बाजू स्कॅन करून मोकळे होतात. इथे मुलीनं प्रत्येक कागद उलटा करून पाहिला. माझा जन्म डागा हॉस्पिटलमधला. महानगरपालिकेच्या जुन्या दाखल्यावर बाबांच्या नावाला 'राव' जोडलेलं आहे आणि शाळेच्या टीसीवर, माझ्या पासपोर्टवर नुसतं नाव. विदर्भात हे घरोघरी आहे, आपल्याला खटकतही नाही. त्या मुलीला खटकलं. तिनं तिन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. मग बाबांचं प्रतिज्ञापत्र केलं, की ही दोन्ही नावं एकाच माणसाची. ते मुलाखतीत कुणी मागितलं नाही, पण ते फाइलमध्ये आहे म्हणून मला रात्री झोप लागली.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर दुकानात होत नाही. ते माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी केलं आणि खाली स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात.

आता एक अगदी बारीक गोष्ट, पण मला सगळ्यात जास्त हीच सांगायची आहे. अमेरिकेतून येणारे कागद लेटर आकाराचे असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे त्यांचा कागद आपल्यापेक्षा रुंदीला सहा मिलिमीटर जास्त. प्रिंट देताना 'फिट' केलं नाही तर कडेचे आकडे कापले जातात. दुसऱ्या एका ठिकाणी काढलेल्या प्रिंटमध्ये नवऱ्याच्या टॅक्स ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या उताऱ्याच्या, उजव्या कडेचा शेवटचा आकडा अर्धा गेला होता. आय-८६४ म्हणजे नवऱ्याचं आर्थिक हमीपत्र. त्यात दाखवलेलं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निकषाच्या किमान १२५ टक्के असावं लागतं, आणि त्याचा आधार हे टॅक्सचे कागद. तिथेच आकडा अर्धा? काकांच्या मुलीनं प्रिव्ह्यूमध्येच पाहिलं, माप बसवलं, डीएस-२६०च्या पावतीवरचा बारकोड अख्खा आलाय की नाही ते बोट ठेवून दाखवलं. मी न सांगता. गणिताची शिक्षिका म्हणून मला एका आकड्याची किंमत कळते, पण हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

उणिवाही आहेत. बसायला जागा नाही, एक स्टूल आहे आणि त्यावर कायम कागदाची रिमं. गाडी लावायला जागा शोधूच नका, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरून चालत जा. विद्यापीठाच्या परीक्षांचे फॉर्म आणि प्रवेशाचे दिवस असले की मुलांची एवढी गर्दी होते की असं निवांत काम तिथे होणं शक्य नाही. कार्ड घेत नाहीत, रोख किंवा यूपीआय.

आणि एक गोष्ट मला सुरुवातीला अजिबात पटली नाही. फाइली दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवायला सांगतात. आपला पासपोर्ट, नवऱ्याचा टॅक्स, बँकेचे उतारे अशा एखाद्या दुकानाच्या मोबाइलवर पडून राहणं बरोबर नाही. मी हे स्पष्ट बोलले. काकांना राग आला नाही. मुलीनं माझ्या पेन ड्राइव्हवरून काम केलं आणि संपल्यावर माझ्यासमोर डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे केले. तुम्हीही सांगा, सांगितलं तर ते करतात. त्यांनी आपणहून करायला हवं, म्हणून एक तारा कमी. व्हॉट्सॲपनंच पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा कमी होतो आणि प्रिंट धूसर येते.

पैशांचं म्हणाल तर साधी झेरॉक्स दोन रुपये, कलर दहा, फोटो शंभराच्या आसपास. पूर्ण फाइलचा खर्च एजंटाच्या पॅकेजपुढे काहीच नाही. मांडणी लावून दिली त्याचे काकांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर "मिठाई आणजा" म्हणाले.

घरी तयारी आम्ही दोघांनी मिळून केली, आणि त्यालाही ही फाइलच कामी आली. रोज रात्री जेवणं झाली की फाइल उघडायची आणि तो मला विचारायचा. पहिल्यांदा कधी भेटलात? घरच्यांपैकी आधी कोण बोललं? त्याचं काम नेमकं काय? त्याच्या घरात आणखी कोण राहतं? लग्नाला तिकडचं कोण आलं होतं? मग मी त्याला विचारायचे, कारण उत्तरं दोघांची जुळायला हवीत. पाठांतर आम्ही केलं नाही. पण पाहण्याच्या कार्यक्रमानंतर फोन आधी कुणी केला ह्यावर आमचं एकमत नव्हतं, ते फाइलमधल्या चॅटच्या पहिल्या पानानं मिटवलं. त्यानंच केला होता. त्या रात्री आम्ही दोघं ते पान कितीतरी वेळ वाचत बसलो. दूर राहून संसार करणाऱ्यांना असं शेजारी बसून आपलंच जुनं बोलणं वाचायला कधी मिळतं?

मुंबईत मेडिकल आधी झालं, ते वकिलातीनं ठरवलेल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं. छातीचा एक्स-रे, रक्त, लशींची नोंद. लहानपणीचं लसीचं कार्ड असेल तर घेऊन जा. मग बोटांचे ठसे. पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातूनच आधी घेतला होता, त्याची फी ५०० रुपये.

मुलाखतीच्या दिवशी बीकेसीत नवरा बाहेर थांबला, माझा मोबाइल आणि पर्स त्याच्याकडे. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून हातात फक्त फाइल. खिडकीपुढे उजवा हात वर करून शपथ घेतली. अधिकारी बाई शांत होत्या. लग्नाचा मूळ दाखला मागितला, खिशातून लगेच काढून दिला. जन्माचा दाखला, तोही. माझ्या शेजारच्या खिडकीवरचे गृहस्थ लॅमिनेट केलेल्या कागदांचा गठ्ठा उपसत होते आणि त्यांचे हात थरथरत होते, ते मला दिसत होतं. मग प्रश्न आले. कसे भेटलात, नवरा काय करतो, शेवटचा कधी आला होता. "आत्ता बाहेर उभा आहे," मी म्हटलं. त्या हसल्या आणि फोटो मागितले.

त्यांनी पानं भराभर उलटली आणि दवाखान्यातल्या बाकावरच्या फोटोपाशी थांबल्या. विचारलं, हे कुठलं? मी सासूबाईंच्या ऑपरेशनचं सांगितलं. आता त्या चालतात का, एवढंच त्यांनी विचारलं. मग मूळ कागद परत दिले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर असल्याचं सांगितलं.

मी अमेरिकेत पोचेन तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली असतील, त्यामुळे ग्रीन कार्ड दहा वर्षांचं मिळेल. ज्यांच्या लग्नाला तिथे पोचताना दोन वर्षं झालेली नसतात त्यांना दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून लग्न खरं असल्याचे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. अशांनी ही फाइल मुलाखतीनंतर माळ्यावर टाकू नये. त्याच मांडणीत पुढचे कागद लावत जावं.

मिठाई मी नेऊन दिली, संत्रा बर्फी. काकांना फोटोचं सांगितलं तर ते मुलीकडे बघून म्हणाले, "पाय, मी म्हणलो होतो ना."

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडल्याबरोबर जा, गर्दी नसते. मूळ कागद, पेन ड्राइव्ह आणि दोघांच्या मोबाइलमधले तारखांसह फोटो सोबत न्या. नवरा किंवा बायको सुट्टीवर आलेली असेल तर दोघं मिळून जा, फोटो निवडताना दोघांची आठवण लागते.